तांब्याच्या आयनात न्यूट्रॉन ३४, ३५ की ३६? आणि धन प्रभार असताना वजाबाकी का?

हळदीची_पेठ (सांगली)

नमस्कार. माझी मुलगी यंदा नववीत आहे. तिच्या शिकवणीतून मिळालेल्या सराव प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न असा होता : ‘२+ प्रभार असलेल्या तांब्याच्या आयनातील प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि इलेक्ट्रॉन यांची संख्या लिहा.’ अणुअंक २९ दिलेला होता. वस्तुमानांक, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची बेरीज, दिलेला नव्हता, मात्र शेवटच्या पानावरील तक्त्यात तांब्याचे अणुवस्तुमान ६३.५५ असे छापलेले होते. मुलीने २९ प्रोटॉन, ३५ न्यूट्रॉन आणि ३१ इलेक्ट्रॉन असे उत्तर लिहिले. उत्तरसूचीत २९, ३५ आणि २७ आहे, त्यामुळे इलेक्ट्रॉनचा गुण गेला.

तिचे म्हणणे असे की, दोनच्या पुढे अधिक चिन्ह आहे, म्हणून तिने २९ मध्ये दोन मिळवले. शिकवणीतील सरांना विचारले असता, ‘अधिक दिसले की वजा करायचे आणि वजा दिसले की मिळवायचे, एवढे पाठ कर’ असे उत्तर मिळाले. मी स्वतः वाणिज्य शाखेची आहे, तरीही हे उत्तर मला पटले नाही आणि तिलाही पटलेले नाही. शिवाय उत्तरसूचीतील ३५ ही संख्या बरोबर आहे का, अशी शंका तिच्या बाबांनी काढली आहे. जाणकारांनी दोन्ही गोष्टी समजावून सांगाव्यात, ही विनंती.

निवृत्त_मास्तर (कराड)

ताई, मुलीचा गोंधळ अगदी स्वाभाविक आहे. तीस वर्षांहून अधिक काळ फळ्यासमोर उभा राहिलो, आणि दर वर्षी निम्म्या वर्गाने हीच चूक केलेली पाहिली. तिचे कारण मुलांच्या गणितात नसून आपल्या सांगण्याच्या क्रमात आहे. आपण आयन म्हटले की लगेच इलेक्ट्रॉनविषयी बोलू लागतो. मोजणीची सुरुवात प्रोटॉनपासून केली, तर पुढे पाठ करण्यासारखे फारसे उरत नाही.

तांबे हे तांबे आहे ते केंद्रकातील २९ प्रोटॉनमुळे. अणू उदासीन असो, १+ असो वा २+ असो, त्या २९ ला कोणीही हात लावत नाही. प्रत्येक प्रोटॉनचा प्रभार एक धन, प्रत्येक इलेक्ट्रॉनचा प्रभार एक ऋण, आणि न्यूट्रॉनचा प्रभार शून्य. आयनाच्या डोक्यावर लिहिलेली संख्या ही इलेक्ट्रॉनची संख्या नव्हे आणि प्रोटॉनचीही नव्हे; ती या दोहोंतील फरक आहे. प्रोटॉन वजा इलेक्ट्रॉन बरोबर प्रभार. २९ मधून किती इलेक्ट्रॉन वजा केले असता अधिक २ उरतात, असे मुलीला विचारा. ती २७ हे उत्तर स्वतः काढील आणि ‘अधिक म्हणजे वजा’ हे विचित्र सूत्र तिला लागणार नाही.

इलेक्ट्रॉनच्या वाट्याला ऋण चिन्ह का आले, हाही प्रश्न ती विचारील, म्हणून सांगून ठेवतो. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन यांनी विजेच्या दोन प्रकारांना धन आणि ऋण अशी नावे दिली, तेव्हा इलेक्ट्रॉन कोणाला ठाऊक नव्हता. जे. जे. थॉमसन यांनी तो १८९७ मध्ये दाखवून दिला आणि तो नेमका ऋण बाजूचा निघाला. फ्रँकलिन यांनी नावे उलटी दिली असती, तर आपल्या लेकीने लिहिलेले ३१ बरोबर ठरले असते!

टेस्टट्यूब (मिरज)

मास्तर, त्या शेवटच्या वाक्यावर हरकत आहे. नावे उलटी असती तर आज आपण ज्याला २+ म्हणतो त्याच आयनाला २− म्हटले असते, आणि इलेक्ट्रॉन तरीही २७ च राहिले असते. निसर्गाला आपल्या चिन्हांशी देणेघेणे नाही.

निवृत्त_मास्तर (कराड)

हरकत मान्य आहे. डोक्यावर २+ छापलेलेच ठेवून मी बोलत होतो, पण वाक्य सैल झाले. निवृत्तीनंतर वही तपासणारे कोणी राहिले नव्हते, ती उणीव आपण भरून काढलीत.

रोजकीर्द (पलूस)

मी एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे आणि विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर तुटला. तरीही मुलाला मी हे ज्या रीतीने समजावले, ती रीत ताई वाणिज्य शाखेच्या असल्यामुळे त्यांना लगेच पटेल असे वाटते.

प्रोटॉन म्हणजे जमेची बाजू, इलेक्ट्रॉन म्हणजे नावेची बाजू, आणि प्रभार म्हणजे अखेरची शिल्लक. तांब्याच्या खात्यावर जमा २९ आणि नावे २९, म्हणून शिल्लक शून्य. आता नावेतले दोन कमी झाले. देणे कमी झाले की शिल्लक वाढते, हे दुकानदाराच्या पोरालाही सांगावे लागत नाही. जमा २९, नावे २७, शिल्लक अधिक २. क्लोरीनच्या खात्यावर जमा १७ आणि नावे १८ असतील, तर शिल्लक उणे १. न्यूट्रॉन ही खात्यातील रक्कम नव्हे, तो खतावणीच्या वहीचा जाड पुठ्ठा आहे. वजन वाढवतो, शिल्लक बदलत नाही.

टेस्टट्यूब (मिरज)

उपमा सुंदर आहे, मात्र तिच्यात एक फट आहे. कर्ज माफ होऊ शकते. इलेक्ट्रॉन माफ होत नाही. तांब्याने सोडलेले दोन इलेक्ट्रॉन कोणीतरी घेतलेच पाहिजेत.

रोजकीर्द (पलूस)

आमच्या संस्थेतही काहीच माफ होत नाही, साहेब. एकाच्या खात्यातून निघालेली नोंद दुसऱ्याच्या खात्यावर चढल्याशिवाय संध्याकाळी रोजकीर्द जुळत नाही आणि आम्हाला घरी जाता येत नाही.

बागायतदार_तासगाव

हा धागा पत्नीने दाखवला, कारण तांब्याच्या आयनाशी आमचा संबंध दर फळछाटणीनंतर येतो. द्राक्षावरील केवडा रोगासाठी आम्ही बोर्डो मिश्रण फवारतो. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना हे प्रमाण धरतात, आणि मोरचुदाच्या निळ्या पाण्यात जे विरघळलेले असते तो हाच २+ तांब्याचा आयन. फ्रान्समधील बोर्डो भागात मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये हे मिश्रण प्रसिद्ध केले, त्यावरून त्याला हे नाव मिळाले.

मिश्रण तयार झाल्यावर त्यात घासून चकचकीत केलेला लोखंडी विळा थोडा वेळ बुडवून धरायचा, ही वडिलांची शिकवण. विळ्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे शिल्लक आहे असे समजायचे आणि चुन्याची निवळी वाढवायची, नाहीतर कोवळी पाने करपतात. हे मी वीस वर्षे करत आलो, पण विळा तांबडा का होतो ते मुलीच्या अकरावीच्या अभ्यासात कळले. तांब्याचा आयन २७ इलेक्ट्रॉन घेऊन फिरत असतो. लोखंडाचा अणू त्याला दोन इलेक्ट्रॉन देतो. तांब्याचे पुन्हा २९ होतात आणि ते धातू होऊन विळ्यावर बसते. लोखंडाचे २६ मधून २४ उरतात आणि ते २+ आयन होऊन पाण्यात उतरते. प्रोटॉन मात्र जिथल्या तिथे राहतात, तांब्याचे २९ आणि लोखंडाचे २६.

रोजकीर्द यांनी सांगितलेली नोंद एका खात्यातून दुसऱ्या खात्यावर चढताना पाहायची असेल, तर आमच्या बागेत यावे. याच कारणामुळे हे मिश्रण लोखंडी पिंपात करत नाहीत.

गुणपत्रिका (सातारा)

सर्वांचे लेखन वाचनीय आहे, यात शंका नाही. मी स्वतः शिकवणी घेते आणि आपल्या सर्वांच्या विरोधात जाऊन एक गोष्ट सांगते. परीक्षेत या प्रश्नाला तीन गुण आणि फार तर दोन मिनिटे असतात. ‘धनाला वजा, ऋणाला अधिक’ हे सूत्र दुबळ्या विद्यार्थ्याला ते गुण मिळवून देते. पुढे विज्ञान शाखेला गेलेला मुलगा त्यामागचे कारण आपोआप शिकतो, आणि न गेलेल्याचे त्यावाचून काही अडत नाही. खतावणी, विळा आणि फ्रँकलिन हे सगळे पन्नास मुलांच्या वर्गात बसवून दाखवावे, मग बोलावे.

निवृत्त_मास्तर (कराड)

गुणपत्रिका ताई, पन्नास नव्हे, सत्तर मुलांच्या वर्गात बसवून पाहिले आहे, म्हणूनच बोलतो. सूत्राने गुण मिळतात हे खरे आहे. पण ते सूत्र पाठ केलेल्या मुलाला प्रश्न उलटा घातला की काय होते, ते आपणही पाहिले असेल.

मी वर्गात असे विचारत असे : ‘एका आयनात १० इलेक्ट्रॉन आहेत आणि त्याचा प्रभार १+ आहे, तर ते मूलद्रव्य कोणते?’ सूत्र पाठ असलेली मुले अधिक चिन्ह पाहून १० मधून १ वजा करतात आणि ९, म्हणजे फ्लुओरिन, असे लिहितात. दुसरी काही मुले दहा इलेक्ट्रॉन पाहून थेट निऑन लिहितात. प्रोटॉन वजा १० बरोबर १, म्हणून प्रोटॉन ११, म्हणून सोडियम, असे मांडणारी मुले तीच असतात ज्यांनी फरकाचा अर्थ धरलेला असतो.

यात निऑनची चूक मला अधिक गंभीर वाटते. नायट्रोजनचा ३−, ऑक्सिजनचा २−, फ्लुओरिनचा १−, सोडियमचा १+, मॅग्नेशियमचा २+ आणि ॲल्युमिनियमचा ३+ या सहाही आयनांत प्रत्येकी दहाच इलेक्ट्रॉन असतात, तरी त्यांतील एकही निऑन होत नाही. केंद्रकातील प्रोटॉन जसे वाढतात तशी तेवढ्याच दहा इलेक्ट्रॉनवरची ओढ वाढते. म्हणून स्फटिकातील ऑक्साइड आयनाची त्रिज्या साधारण १४० पिकोमीटर धरतात, सोडियम आयनाची १०२, तर ॲल्युमिनियम आयनाची जेमतेम ५४. मूलद्रव्याची ओळख प्रोटॉनच्या संख्येत आहे हे हेन्री मोजली यांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने सिद्ध केले. तोवर मूलद्रव्ये वजनानुसार लावण्याचा प्रघात होता आणि आर्गॉन ३९.९५ असूनही पोटॅशियम ३९.१० च्या आधी का ठेवावा लागतो, हे कोणाला नीट सांगता येत नव्हते. आर्गॉनचे प्रोटॉन १८ आणि पोटॅशियमचे १९, एवढे कळल्यावर तो पेच सुटला. मोजली दोनच वर्षांनी गॅलिपोलीच्या लढाईत वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मारले गेले. हा शोध शिकवताना मी दर वर्षी क्षणभर थांबत असे.

प्रश्नचिन्ह (वाई)

मग मास्तर, अमोनियमचे काय? नायट्रोजनचे ७ आणि चार हायड्रोजनचे ४ मिळून प्रोटॉन ११, प्रभार १+, म्हणजे इलेक्ट्रॉन १०. सोडियम आयनाचीही तीच संख्या आहे. आपल्या व्याख्येनुसार अमोनियम म्हणजे सोडियम व्हायला हवा.

निवृत्त_मास्तर (कराड)

अशा विद्यार्थ्यासाठी शिक्षक निवृत्तीनंतरही जागा राहतो. आपला हिशेब अचूक आहे आणि त्यात आणखी एकाची भर घाला. आम्लाच्या पाण्यात असणाऱ्या हायड्रोनियम आयनातही, म्हणजे पाण्याच्या रेणूला एक हायड्रोजन आयन चिकटून झालेल्या आयनातही, ८ आणि ३ मिळून ११ प्रोटॉन आणि १० इलेक्ट्रॉन असतात.

फरक असा की अणुअंक ही एकाच केंद्रकातील प्रोटॉनची संख्या आहे. सोडियमचे अकराही एका केंद्रकात बसलेले आहेत. अमोनियमचे अकरा पाच केंद्रकांत वाटलेले आहेत, म्हणून ते मूलक आहे, मूलद्रव्य नव्हे. मूलकाचा एकूण प्रभार काढायचा तर सगळ्या प्रोटॉनची बेरीज करावी आणि त्यातून सगळे इलेक्ट्रॉन वजा करावेत. मूलद्रव्य ओळखायचे तर एकेका केंद्रकात डोकवावे. न्यूट्रॉन मोजले तर हे तिघे लगेच वेगळे पडतात : सोडियमच्या आयनात १२, नेहमीच्या नायट्रोजनच्या अमोनियममध्ये ७, आणि हायड्रोनियममध्ये ८.

बेदाणा (कवठे महांकाळ)

मूलकांची गोष्ट निघाली म्हणून लिहितो. बेदाण्यासाठी द्राक्षे ज्या द्रावणात बुडवून काढतात त्यात पोटॅशियम कार्बोनेट असते. कार्बोनेट मूलकाचा हिशेब मी असा केला : कार्बनचे ६ आणि तीन ऑक्सिजनचे २४ मिळून ३० प्रोटॉन, प्रभार २−, म्हणून ३२ इलेक्ट्रॉन, नेहमीचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे, पण न्यूट्रॉनची संख्या वेगळी असलेले अणू) धरले तर न्यूट्रॉन ६ आणि २४ मिळून ३०. सोबतच्या दोन पोटॅशियम आयनांत प्रत्येकी १९ प्रोटॉन आणि १८ इलेक्ट्रॉन. दोन्हींची बेरीज केली तर प्रोटॉन ६८ आणि इलेक्ट्रॉनही ६८. पोते उघडताना कधी वाटले नव्हते की आत एवढी चोख वाटणी असेल. चुकले असल्यास सांगावे.

टेस्टट्यूब (मिरज)

काहीही चुकलेले नाही.

काळी_माती (वाळवा)

प्रभार जुळतो तेव्हा नगांची संख्या जुळतेच असे नाही, हे मुलांच्या ध्यानात येत नाही. आमच्या कृष्णाकाठच्या जमिनींचे उदाहरण देतो. अति पाणी आणि अपुरा निचरा यांमुळे या भागातील कितीतरी एकर काळी जमीन बिघडली, हे येथील सर्वांना ठाऊक आहे. चिकणमातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो आणि त्यांना धन आयन चिकटून राहतात. कॅल्शियम चिकटलेला असेल तर माती कणीदार राहते. सोडियमने त्याची जागा घेतली की कण सुटे होतात, पाणी मुरत नाही आणि जमीन चोपण होते.

अशा जमिनीत जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, घालतात. एक कॅल्शियम आयन २+ आणि एक सोडियम आयन १+, म्हणून एका कॅल्शियमच्या बदल्यात दोन सोडियम मातीवरून सुटतात. एका बाजूला २० प्रोटॉन आणि १८ इलेक्ट्रॉन, दुसऱ्या बाजूला दोघांचे मिळून २२ प्रोटॉन आणि २० इलेक्ट्रॉन. आकडे वेगळे असले तरी फरक दोन्हीकडे दोनच, आणि मातीला त्या फरकाशीच कर्तव्य आहे. सुटलेला सोडियम पाण्याबरोबर बाहेर जायला चर किंवा जमिनीखालील निचरा नळ्या नसतील, तर जिप्समवरचा खर्च वाया जातो. आणि जमीन नुसती क्षारयुक्त असेल, चोपण नसेल, तर आधी निचराच हवा. माती परीक्षण न करता जिप्सम ओतणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

जांभा_दगड (सातारा)

आमच्याकडच्या दोन ओळी. कास पठाराचा जांभा तांबडा दिसतो तो लोहाच्या ३+ आयनामुळे, ज्यात २६ प्रोटॉनसमोर २३ इलेक्ट्रॉन असतात. काही विंधन विहिरींचे पाणी उपसताना स्वच्छ असते आणि बादलीत राहिले की तांबूस गाळ धरते. पाण्यात विरघळलेला २+ लोह आयन हवेतील ऑक्सिजनमुळे आणखी एक इलेक्ट्रॉन गमावतो आणि २४ चे २३ होतात. एका इलेक्ट्रॉनपायी धुतलेले पांढरे कपडे पिवळे पडतात, अशी आमच्या घरातील तक्रार आहे.

हळदीची_पेठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. खतावणीची रीत मला पटली आणि विळ्याची मुलीला. ती आता फरक मांडून उत्तर काढते. मात्र तिच्या बाबांची शंका अजून तशीच आहे. उत्तरसूचीतील ३५ न्यूट्रॉन बरोबर आहेत का? ६३.५५ चे पूर्णांकात ६४ केले आणि त्यातून २९ वजा केले, असे मुलीने सांगितले.

गलाईवाला (विटा, सध्या परराज्यात)

ताईंच्या प्रश्नाचे उत्तर जाणकार देतीलच, पण तोच पेच चांदीतही आहे म्हणून लिहितो. आमच्या खानापूर-आटपाडी भागातील माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. जुन्या दागिन्यातील चांदी आम्ही नायट्रिक आम्लात विरघळवतो, ज्याला धंद्यात तेजाब म्हणतात, आणि त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडतो. चांदी पट्टीवर करड्या चुऱ्यासारखी जमते आणि पाणी निळे होत जाते. एक तांबे दोन इलेक्ट्रॉन देते आणि दोन चांदीचे आयन एकेक घेतात. चांदीचे ४६ चे ४७ होतात.

भाच्याला हे सांगताना चांदीचे न्यूट्रॉन त्याने विचारले. तक्त्यात १०७.८७ आहे, म्हणून १०८ धरून मी ६१ सांगितले. त्याच्या मास्तरांनी ते चूक ठरवले. का ते मला अजून कळलेले नाही.

अणुरेणू (सांगली)

दोघांचे उत्तर एकच आहे. तक्त्यातील ६३.५५ हे कोणत्याही एका तांब्याच्या अणूचे वजन नाही, ती सरासरी आहे. निसर्गातील तांब्यात दोन समस्थानिक आहेत : सुमारे ६९ टक्के तांबे-६३ आणि उरलेले ३१ टक्के तांबे-६५. पहिल्यात न्यूट्रॉन ३४, दुसऱ्यात ३६. पस्तीस न्यूट्रॉन असलेले तांबे-६४ किरणोत्सारी असून त्याचा अर्धायुकाल १२.७ तासांचा आहे. ते अणुभट्टीत किंवा कणत्वरकात तयार करतात आणि वैद्यकीय चित्रणासाठी वापरतात. तासगावच्या मोरचुदात ते नसते आणि घरातल्या तांब्याच्या हंड्यातही नसते. उत्तरसूचीने निवडलेली संख्या ही दोन खऱ्या संख्यांच्या बरोबर मधली, कोणाचीच नसलेली संख्या आहे.

चांदीचे तसेच. निसर्गात चांदी-१०७ आणि चांदी-१०९ जवळपास निम्मी-निम्मी, म्हणजे न्यूट्रॉन ६० किंवा ६२. आपले ६१ अधांतरी राहिले. ब्रोमीनची सरासरी ७९.९० आहे म्हणून मुले ८० धरतात, पण निसर्गात आहेत ते ७९ आणि ८१. क्लोरीनमध्ये तर ३५.४५ चे काय करावे हे कोणालाच सुचत नाही. तेथे सुमारे तीन-चतुर्थांश अणू ३५ चे आणि एक-चतुर्थांश ३७ चे असतात.

ही युक्ती सोडियम, ॲल्युमिनियम, फॉस्फरस यांच्या बाबतीत चालते, कारण त्यांचा निसर्गात एकेकच समस्थानिक आहे. पाठ्यपुस्तकातील उदाहरणे बहुधा अशीच निवडलेली असतात आणि त्यामुळे युक्ती नेहमीच चालते असा समज होतो. वस्तुमानांक हा मोजलेला पूर्णांक आहे, अणुवस्तुमान ही सरासरी आहे. पहिला प्रश्नात द्यावाच लागतो.

चहापाणी (सांगली)

अर्धा न्यूट्रॉन असलेला क्लोरीन कोणास सापडल्यास कळवावे. त्याच्यासाठी आमच्याकडे अर्धा चहा तयार आहे.

गुणपत्रिका (सातारा)

अणुरेणू यांचे म्हणणे मला मान्य आहे आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्याची चूकही मान्य आहे. तरी माझा व्यवहारातील प्रश्न उरतोच. मुलीने परीक्षेत ३४ लिहिले आणि तपासणाऱ्याच्या हाती ३५ ची सूची असली, तर गुण कोण देणार?

अणुरेणू (सांगली)

तिने ‘तांबे-६३ धरल्यास न्यूट्रॉन ३४’ असे लिहावे. गृहीत लिहून दिल्यावर तपासणारा विचारात पडतो आणि विचारात पडलेला तपासणारा बहुधा गुण देतो. देत नसेल तर एक गुण गेला असे समजावे. मी माझ्या मुलाला तो गुण सोडायला सांगितले असते.

गुणपत्रिका (सातारा)

आपल्या मुलाला आपण सांगू शकता. इतरांच्या मुलांचा एक गुण सोडून देण्याचा अधिकार मला नाही. मात्र माझ्या पुढील सराव प्रश्नपत्रिकेत प्रत्येक प्रश्नाला वस्तुमानांक छापलेला असेल, एवढे आश्वासन देते.

प्रश्नचिन्ह (वाई)

आणखी एक शंका. इलेक्ट्रॉन इतक्या सहज येतात-जातात, मग प्रोटॉनच का हलत नाहीत? दोन प्रोटॉन घेऊन तांब्याला २+ का होता येत नाही?

टेस्टट्यूब (मिरज)

किमतीमुळे. तांब्याच्या अणूतून पहिला इलेक्ट्रॉन काढण्यास ७.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते आणि दुसरा काढण्यास साधारण २०.३. केंद्रकातून एक प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन उपटायचा तर कित्येक दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. विळा, तेजाब आणि ऑक्सिजन यांच्या खिशात तेवढी ऐपत नाही. आणि एखाद्या अणुभट्टीने किंवा त्वरकाने ती दाखवलीच, तर हाती तांबे राहत नाही. प्रोटॉनची संख्या ३१ झाली की ते गॅलियम होते.

निवृत्त_मास्तर (कराड)

हळदीची_पेठ ताई, आपल्या लेकीसाठी एक कोडे ठेवतो; कोणी उत्तर फोडू नये. ‘ज्या कणांत न्यूट्रॉन २० आणि इलेक्ट्रॉन १८ आहेत आणि ज्यांचा प्रभार २− पासून २+ पर्यंत आहे, असे एका केंद्रकाचे आयन किती आणि कोणते?’ तक्ता पाहण्यास हरकत नाही. अणुवस्तुमानाचा रकाना मात्र हाताने झाकावा.

हळदीची_पेठ (सांगली)

मास्तर, रात्री जेवण झाल्यावर ती बसली होती. तिने कागदावर उभ्या ओळीत प्रभार लिहिले आणि प्रत्येकात १८ मिळवून प्रोटॉन काढले : १६, १७, १८, १९, २०. मग प्रत्येकात २० न्यूट्रॉन मिळवून वस्तुमानांक लिहिले. गंधक-३६ चा २−, क्लोरीन-३७ चा १−, आर्गॉन-३८, पोटॅशियम-३९ चा १+ आणि कॅल्शियम-४० चा २+. खाली ‘एकूण पाच’ असे लिहून वही मिटली आणि झोपायला गेली.

सकाळी शाळेत जाण्यापूर्वी तिने वही पुन्हा उघडली, आर्गॉनवर रेघ मारली, पाचाचे चार केले आणि कंसात लिहिले : ‘शिल्लक शून्य, हा आयन नाही.’

निवृत्त_मास्तर (कराड)

चार हेच उत्तर. पूर्ण गुण. आणि पाचही केंद्रके निसर्गात खरोखर सापडतात हे तिला सांगा. गंधक-३६ आणि आर्गॉन-३८ फारच थोडे असतात, पण असतात.